रिकाम्या शेगडीवर आकडा शिजवला

टाकीत गॅस किती उरला हे कळायला मला एक ओला फडका लागतो. साहेब लोकांना त्याच्यासाठी मीटिंग लागती.

फडक्याचं आधी सांगते. टाकीला वरून खालपातुर ओला फडका फिरवायचा आन गप उभं राहून बघायचं. वरचा भाग चटकन सुकतो, तिथं आत काय नाय. जिथून खाली ओल रेंगाळती, तिथवर गॅस हाय. खडूनं रेघ मारायची, झालं. बावीस वरसं मी अशाच रेघा मारल्या. एकदाबी अर्ध्या भाकरीत गॅस संपला नाय.

मी भामाबाई. मुकुंदवाडीच्या अलीकडं मुलींचं सरकारी वसतिगृह हाय, तिथं सैपाकाला व्हते. शाळा दुसरीपातुर. सही येती आन आकडे येतात, बाकी काय नाय. हे मी बोलत गेले तसं सुवर्णानं लिहून घेतलं. ती आमच्याच वसतिगृहातली पोरगी, आता कॉलेजात हाय, त्यांच्या दिवाळी अंकाला पायजे म्हणली. "मावशी, तुमच्या हयातभराच्या कामाचं सांगा." मी म्हणलं, हयातभर भाकरीच केल्या, ते कोण वाचंल? एकच गोष्ट सांगते. वरून आमच्या शेगडीला उद्दिष्ट आलं, त्या सालची.

साठ पोरी, दोन टायमाचं जेवण, आन सैपाकाला आम्ही दोघी. मी आन शकिलाबी. शकिलाबी भाजी-वरणाची, मी भाकरीची. ती मला अक्का म्हणायची, वयानं माझ्यापेक्षा मोठी असून. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. माझ्या घरचंबी तसंच, फक्त जरा जास्त माणसं.

आम्ही महिन्याला आठ टाक्या जाळायचो. तेवढ्याच पोरांचं एक वसतिगृह पैठणच्या वाटंला हाय, तिथं सोळा जायच्या. पोरं जास्त खातात म्हून नाय. तिथला आचारी बबनराव सकाळी शेगडी पेटवायचा ती संध्याकाळी बंद करायचा. मधी कुणाला चहा पायजे झाला तर परत काडी कशाला वढायची, असं त्याचं. माणूस वाईट नव्हता, काडी वाचवायचा.

आमच्या आठ टाक्यांत जादू काय नव्हती. डाळ रातीच भिजवायची. झाकण ठेवायचं. जाळ भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ द्यायचा नाय, बाहेरचा जाळ भांड्याला नाय लागत, तो निस्ता सैपाकघर तापवतो. बर्नरची भोकं आठवड्याला सुईनं साफ करायची. आन घोंगडी.

घोंगडीचं म्हंजे असं. माझी माय मेंढरामागं फिरायची. सकाळी बिऱ्हाड हलायचं. माय पहाटं डाळीचं भांडं एक उकळी येईपातुर चुलीवर ठेवायची, आन तसंच गरम घोंगडीत गच्च गुंडाळून घोड्यावर बांधायची. पुढच्या मुक्कामाला सोडलं की डाळ शिजलेली. लोकरीतून ऊब बाहेर जात नाय, मेंढरू थंडीत मरत नाय ते उगं का? मी तेच केलं. मोठ्या पातेल्यात डाळीला दोन उकळ्या, खाली उतरवायचं, जुन्या दोन घोंगड्यांत गुंडाळायचं. तासाभरात मऊ. पयल्यांदा शकिलाबी हसली. "क्या अक्का, दाल कू सर्दी हुई क्या?" मंग खाऊन बघितली आन अजून एक पळी वाढून घेतली.

असं चाललं व्हतं. मंग ते साल आलं. लांब कुठं तरी लढाई लागली, समुद्रातून गॅसची जहाजं येईनात. गावात टाकीसाठी रांगा लागल्या. हॉटेलवाल्यांनी चूल मांडली. दवाखाने आन वसतिगृहांना आधी गॅस देऊ म्हणले, पण बचत करा म्हणले. ते बरोबरच हाय. टंचाईत सगळ्यांनी दोन घास कमी खायाचे, माझी काय तक्रार नाय.

मंग कागद आला. गेल्या साली ह्या महिन्यांत जेवढं जाळलं, त्याला कागदात 'आधार' म्हणलं व्हतं, त्यातलं शंभरातलं पंचवीस कमी करायचं. सगळ्यांनी सारखं. म्हंजे आमची आठाची सहा, बबनरावाची सोळाची बारा. तीन महिने उद्दिष्ट चुकलं तर सैपाकघर बंद, चिकलठाण्याच्या एका ठेकेदाराकडून डबे येणार.

त्या कागदाच्या संगं एक पोस्टरबी आलं. 'थेंब थेंब इंधन वाचवा.' ते एक पोस्टर द्यायला हाफिसातून जीप आली व्हती. शिपाई आत येऊन सही घेईपातुर ड्रायव्हरनं गाडी बंद केली नाय. शकिलाबीनं खिडकीतून विचारलं, "भाई, गाडी कायकू चालू रखे?" ड्रायव्हर म्हणला, "एसी बंद होतो ना." पोस्टर आम्ही शेगडीच्या वर लावलं.

कागदात बचतीचे उपायबी दिले व्हते. हाफिसातला एसी कमी करा. लिफ्टऐवजी जिना चढा. एका गाडीत चौघं बसा. आमच्या सैपाकघरात पंखा नव्हता, जिना नव्हता, आन आम्ही दोघी पायी यायचो. आमच्या वार्डन मॅडम भल्या बाई, त्यांनी उत्तरात लिहिलं: डाळ घोंगडीत शिजवतो. तो कागद परत आला. 'सदर उपाय मंजूर यादीत नाही.'

आन मंग साहेब सोता आले बघायला. विभागाचे साहेब. तोंडात सारखा टक्का, म्हून पोरींनी त्यांचं नाव टक्केसाहेब पाडलं व्हतं. आले, पोस्टर बघितलं, बरं वाटलं त्यांला. मंग कोपऱ्यात घोंगडीचं गठुडं दिसलं.

"हे काय आहे?"

"डाळ हाय, साहेब."

"कपड्यात?"

"झाकण हाय की. वरून घोंगडी. आत शिजती."

त्यांनी नाकाला रुमाल लावला. "मुलींचं अन्न आहे हे. अस्वच्छ आहे. आजच्या आज बंद करा."

"मंग गॅस वाढंल, साहेब."

"गॅस कमीच करायचा. पंचवीस टक्के."

गेले. आम्ही घोंगडीवर पांढरी चादर घातली. मंग ते स्वच्छ झालं.

आता सहा टाक्यांत साठ पोरी कशा बसवायच्या? ज्यानं सोळा जाळल्या त्यानं दुपारी शेगडी बंद केली की झालं. आमच्याकडं बंद करायला काय उरलंच नव्हतं, ते बावीस वरसांत आधीच बंद करून झालं व्हतं. मंग आम्ही पोरींच्या अंगातून काढलं. आंघोळीचं पाणी बंद, ऐन थंडीत. संध्याकाळची भाकर सकाळीच करून ठेवायची. दूध एकदाच तापवायचं. आठवड्यातून तीनदा खिचडी. पोरी भाकर हातात घेऊन वाकवून बघायच्या. सुवर्णा तवा बारावीला व्हती, जिभंची तिखट. म्हणली, "मावशी, ही भाकर कालची का माझ्या आज्जीच्या लग्नातली?" सगळ्या हसल्या. मीबी हसले. भाकर मात्र वाळलेलीच व्हती.

मी सोता चिकलठाण्याचा डबा एकदा बघितला. नमुना म्हून एका रविवारी आला. जालना रोडच्या गर्दीतून येईपातुर वरणावर साय धरली व्हती आन पोळी चपलेसारखी. साठात चाळीस पोरींनी ताट तसंच ठिवलं. मला तवाच कळलं, आपली शेगडी गेली तर निस्त्या आम्ही दोघी नाय जाणार. पोरी उपाशी राहतील, आन कागदावर मात्र बचत दिसंल.

पयल्या महिन्याला सात टाक्या. दुसऱ्याला साडेसहा. सहावर काय बसंना. साहेबाकडून कागद आला, कारण सांगा. बबनराव बारावर बसला, त्याचा हाफिसात सत्कार झाला. बारा जाळून सत्कार, साडेसहा जाळून कारण सांगा.

कारण सांगायला मीटिंग व्हती. वार्डन मॅडम म्हणल्या, "भामाबाई, तुम्ही चला. मला बोलता येणार नाही, माझी नोकरी आहे."

"मला नोकरी नाय का, मॅडम?"

"तुम्हाला बोलता येतं."

गेले. मोठा हॉल, बाहेर उन्हात रांगेत गाड्या, आत एवढा गारवा की मी पदर अंगभर घेतला. भिंतीवर आकडे चमकत व्हते. आकडे मला येतात म्हणलं ना, मी आमचा वाचून काढला. आमच्या वसतिगृहाचं नाव लाल रंगात व्हतं. बबनरावाचं हिरव्या.

साहेब म्हणले, "तुमचं काय अडतं? सगळ्यांना जमतं."

मी उभी राहिले. "साहेब, दोघी बाया हायेत. एक रोज चार भाकरी खाती, एक दोन. तुम्ही सांगितलं, दोघींनी एकेक भाकर कमी करा. चारवालीची तब्येत सुधारली. दोनवाली झोपून राह्यली. आन तुम्ही दोनवालीला विचारताय, तुला काय अडतं?"

हॉलमधी कुणी तरी हसलं, मंग खोकलं.

"टक्का सगळ्यांना सारखा आहे," साहेब म्हणले.

"टक्का सारखा हाय, साहेब. ताट सारखं नाय."

साहेबानं चष्मा काढला, पुसला. म्हणले, "बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. आधार जुना झाला." मला वाटलं, जिंकले! साहेब पुढं म्हणले, "आता सगळ्यांचा नवा आधार धरू. येते तीन महिने जेवढा वापर होईल, तो नवा आधार. पुढच्या टंचाईत त्याच्यावर टक्का लावू. तोपर्यंत कुणाचं सैपाकघर बंद करणार नाही." टाळ्या झाल्या.

बाहेर चहाच्या टपरीवर हाफिसातला एक म्हातारा कारकून भेटला. मी त्याला विचारलं, हा पंचवीस आला कुठून? त्यानं चहात बिस्किट बुडवलं. "मावशी, वरून निघाला तेव्हा पंधरा होता. मुंबईत कुणी तरी म्हणलं, आपण मागं दिसायला नको, अठरा करा. विभागात आला, साहेबांनी वीस केला. जिल्ह्यात म्हणले, वीस सांगितला तर लोकं सोळा करतात, पंचवीसच सांगा. तिथून खाली तुमची शेगडी. तुम्हाला वाढवून द्यायला खाली कुणी नव्हतं."

"आन हे ठरवताना कुणी सैपाकघरात आलं व्हतं का?"

"कशाला? आकडा तर फोनवर पण जातो."

घरी येताना सिटी बसमधी मला हळूहळू कळलं, मी काय करून आले ते. येते तीन महिने आम्ही नेहमीसारखं काटकसरीनं साडेसहा-सात टाक्यांत भागवलं, तर पुढं त्यातनंबी पंचवीस कापणार. म्हंजे पाच. पाचात साठ पोरी होत नाय, माझी माय उठून आली तरी नाय. म्हंजे आपली काटकसरच आपली शेगडी बंद करणार.

शकिलाबीला सांगितलं. तिला दुसरी इयत्ताबी नाय, पण साहेबापेक्षा चटकन समजलं.

"हौ ना अक्का. तो जलाव ना फिर! तीन महिने जलाव."

"काय जाळू?"

"गॅस! और क्या, साब कू?"

तवा वसतिगृहांचा कोटा जरा सुटला व्हता, मागंल तेवढ्या टाक्या यायच्या. मॅडमच्या कानावर घातलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मंग म्हणल्या, "भामाबाई, माझी पाठ दुखते. तीन महिने मला काही सैपाकघराकडं यायला जमणार नाही."

आधी आम्ही गॅस चांगल्या कामालाच लावला. पोरींना आंघोळीला कढत पाणी. दोन्ही टाइमला ताजी भाकर. पुऱ्या केल्या, थालिपीठं केली, शेंगदाण्याची पोळी केली. घोंगड्या धुऊन वाळत घातल्या, डाळ शेगडीवर शिजवली, झाकण न ठेवता. पण साठ पोरी आंघोळ करून करून किती करतील? दहा टाक्यांवर गाडी अडली. शकिलाबीनं हिशोब घातला, तेरा तरी पायजे, म्हंजे पंचवीस कापला तरी दहा उरतील.

मंग एका दुपारी जेवणं झाल्यावर मी काडी वढली. बर्नर पेटला. निळा जाळ, साफ, सुईनं भोकं साफ केलेला. वर ठेवायला काय नव्हतं. माझा हात आपोआप कॉककडं गेला. शकिलाबीनं मनगट धरलं. "हात बांध के बैठ, अक्का." मी पाटावर हात बांधून बसले आन निस्ता जाळ बघत राह्यले. बावीस वरसांत मला सैपाकघरात असं बसायला मिळालं नव्हतं. मेलं लई जड गेलं.

तेवढ्यात सुवर्णा पाण्याचा जग घेऊन आत आली. शेगडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मावशी, शेगडीवर काय नाय की. काय शिजतंय?"

"आकडा शिजतोय," मी म्हणलं.

ती हसली नाय. जग भरला, गेली. आत्ता हे लिहून घेतानाबी हसली नाय.

तीन महिने रोज दुपारी आकडा शिजवला. महिन्याला तेराच्या वर टाक्या गेल्या. हाफिसातून एकदाबी कुणी विचारलं नाय, काहून वाढला म्हून. टंचाईत कमी जाळणारीला कारण विचारतात, जास्त जाळला तर तो तुमचा आधार असतो.

आता जे सांगायचं ते सांगते. त्याच तीन महिन्यांत आमच्या घरी गॅस नव्हता. घरगुती टाकीचा नंबर लागंना. माझी सून मीना मागच्या अंगणात तीन इटा मांडून त्याच्यावर करायची. चिकलठाण्याच्या कंपन्यांतून सामानाच्या खोक्याच्या फळ्या निघतात, त्या रांग लावून आणायची आन जाळायची. त्या फळ्यांना कसलं तरी औषध लावलेलं असतं, धूर डोळ्यात मिरचीसारखा जातो. नातीला खोकला बसला, दीड महिना हटला नाय.

एक दिस मी कामावरून आले तर मीना फुंकणी घेऊन डोळे पुशीत बसली व्हती.

"आत्या, तुमच्या तिथं तरी गॅस हाय ना?"

"हाय."

"पुरतो का?"

"भागतंय."

"बरं झालं बाई. एक तरी घर धुरातून सुटलं."

मी तिच्या हातातली फुंकणी घेतली आन बसले. तिच्या लुगड्याला धुराचा वास येत व्हता. माझ्या पदराला कसलाच वास नव्हता. निळ्या जाळाचा वास येत नाय ना.

टाकी घरी आणता आली नसती, ती सरकारची. दुसऱ्याला देता आली नसती, तेबी चोरी. जाळता तेवढी येत व्हती. ते नियमात बसत व्हतं.

पुढच्या साली परत टंचाई आली. परत पंचवीस टक्के आला. आमचा आधार आता तेराच्या वर, त्यामुळं दहात बसवायचं व्हतं. आम्ही घोंगड्या काढल्या, झाकणं ठेवली, आन आपल्या जुन्या आठावर आलो. पोरींना आंघोळीला गरम पाणी, दोन्ही टाइमला ताजी भाकर, वर एक गोडाचा दिवसबी. विभागात आमचा पयला नंबर आला.

त्याच हॉलमधी सत्कार झाला, तसाच गारवा. माझ्या शेजारच्या खुर्चीत बबनराव, त्याचा दुसरा नंबर. साहेबानं मला पुढं बोलावलं, प्रमाणपत्र दिलं, प्लास्टिकमधी गच्च बसवलेलं. माईकवर म्हणले, "भामाबाईंनी जवळपास चाळीस टक्के बचत करून दाखवली! बाई, काय उपाय केलात, सगळ्यांना सांगा."

मी खरंच सांगितलं. "साहेब, शेगडी बंद केली."

लई टाळ्या पडल्या. साहेब म्हणले, किती साधा उपाय. एका बाईनं तर लिहून घेतलं.

जागेवर येऊन बसले तर बबनराव हळूच कानाशी म्हणला, "अक्का, बंद करायला आधी पेटवावी लागती. मला हे दहा वरसं आधीपास्नं ठावं हाय." एवढी वरसं मी त्याला आळशी म्हणत आले व्हते.

त्याच साली वय भरलं, माझी नोकरी संपली. शकिलाबी अजून हाय, शेगडी अजून हाय, पोरी ताजी भाकर खातात. त्यासाठी केलं, त्याचं मला वाईट वाटत नाय. पण ज्या हातानं बावीस वरसं काडीचासुद्धा जाळ वाया घालवला नाय, त्याच हातानं तीन महिने वाऱ्याला जेऊ घातलं, आन घरात नात खोकत व्हती. मीनाला मी हे अजून सांगितलं नाय. आता अंकात छापून येईल, ती वाचती. वाचू दे.

प्रमाणपत्र घरीच हाय. मीनाला त्याचं लई कौतुक, पण भिंतीवर जागा नव्हती. आता घरी गॅस मिळतो. आमची घरची शेगडी खिडकीपाशी हाय, वारं आलं की ज्योत हालती आन भांड्याखालून निसटती. मीनानं ते प्रमाणपत्र खिडकीच्या अंगाला उभं करून ठिवलं. प्लास्टिकचं हाय, पुसता येतं, वारं बरोबर अडतं. मी महिनाभर ओला फडका फिरवून बघितला. टाकी पयल्यापेक्षा चार दिस जास्त जाती.